इंक टँक प्रिंटर घेताना शाईआधी हेड पाहावे

सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी माझे झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे दुकान आहे. नवा प्रिंटर घेणारे बरेच जण खरेदीपूर्वी माझ्याकडे येऊन एकच प्रश्न विचारतात, की शाई बाहेरून भरता येईल असा चांगला प्रिंटर कोणता. पंधरा वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर सरळ होते, कारण तेव्हा प्रिंटर स्वस्त आणि कार्ट्रिज, म्हणजे त्यात बसणारी शाईची डबी, महाग असा उलटा हिशेब होता आणि जो प्रिंटर रिफिल सहन करेल तोच परवडत असे. कार्ट्रिजच्या प्रिंटरांत तो हिशेब आजही फारसा बदललेला नाही. एचपीचे ६८० क्रमांकाचे काळे कार्ट्रिज कंपनीच्याच मोजणीने ४८० पाने देते आणि तिरंगी १५०. याउलट इंक टँक, म्हणजे बाटलीने शाई भरायची टाकी असलेल्या प्रिंटरांत एप्सनची ००३ क्रमांकाची काळ्या शाईची ६५ मिलिलिटरची बाटली ४५०० पाने देते, कॅननची जीआय-७१ ही काळ्या शाईची बाटली ६००० पाने देते, आणि दोन्ही बाटल्या काही शे रुपयांत मिळतात. म्हणजे टाकीचा प्रिंटर घेणाऱ्यापुरता शाईच्या किमतीचा प्रश्न बहुतांशी मिटलेला आहे. तरीही बहुतेक गिऱ्हाइके खोक्यावरचा पानांचा आकडा पाहून निवड करतात. पैसे बुडवणाऱ्या गोष्टी दोनच आहेत: हेड, म्हणजे कागदावर शाईचे थेंब सोडणारा भाग, बिघडले तर ते कोण बदलणार, आणि वाया जाणारी शाई यंत्रात कुठे साठते.

हे मी शिकलो ते बाहेरून जोडायच्या टाक्यांमुळे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले असे एक किट मी एका प्रसिद्ध कंपनीच्या कार्ट्रिजवाल्या प्रिंटरला बसवले होते. चार टाक्या, चार बारीक नळ्यांची पट्टी, कार्ट्रिजच्या जागी बसणारे प्लास्टिकचे ठोकळे आणि त्यांवर यंत्र बंद-चालू केल्यावर आपोआप 'भरलेले' दाखवणाऱ्या चिप, असा तो सरंजाम असतो. नळीतून शाई वर चढते ती वक्रनलिकेच्या तत्त्वाने, त्यामुळे टाकीची उंची ही त्या सगळ्या रचनेतली सर्वांत नाजूक बाब ठरते. टाक्या प्रिंटरच्या तळाशी, त्याच टेबलावर असायला हव्यात; त्या फार खाली गेल्या तर हेडला शाई अपुरी पडते आणि वर गेल्या तर शाई आपल्याच वजनाने हेडमधून गळू लागते. जागा अपुरी म्हणून मी त्या एका रात्री प्रिंटरच्या डोक्यावर ठेवल्या आणि सकाळी टेबलावर, खालच्या कागदाच्या दोन रिमांवर व थोडी भिंतीवरही निळाई पसरलेली होती. दोष माझाच होता, पण एवढी छोटी चूक एवढे मोठे नुकसान करते अशी वस्तू दुकानात ठेवू नये असे मला त्या दिवसापासून वाटते.

कंपन्यांनी ही जुळवाजुळव पाहिली नव्हती असे नाही. एप्सनने २०१० मध्ये टाकी जोडूनच येणारा पहिला प्रिंटर बाजारात आणला तो इंडोनेशियात, जिथे बाहेरच्या टाक्या जोडण्याचा धंदा जोरात होता. पुढे कॅनन, ब्रदर आणि एचपी यांनीही आपापल्या मालिका काढल्या. त्यामुळे आज नवीन प्रिंटर घेऊन त्याला बाहेरचे किट बसवण्याचे कारण साध्या ए-४ कामापुरते तरी उरलेले नाही. नळ्या, उंची आणि हवा आत येण्याची वाट हे सगळे कारखान्यातच नीट बसवून मिळते, आणि वॉरंटीही शाबूत राहते. वॉरंटीपत्रात मात्र वर्षाबरोबर पानांची मर्यादाही असू शकते आणि त्यांपैकी जे आधी संपेल ते धरले जाते. दुकानदाराने ही ओळ वाचल्याशिवाय बिल करू नये.

आता हेडविषयी. इंकजेटचे हेड दोन जातींचे असते. एप्सन आणि ब्रदर यांच्या यंत्रांत विजेचा दाब मिळताच किंचित वाकणारा पीझो स्फटिक शाईचा थेंब ढकलतो. कॅनन आणि एचपी यांच्या यंत्रांत सूक्ष्म तापक क्षणभरासाठी सुमारे ३०० अंशांपर्यंत तापतो, शाईत बुडबुडा तयार होतो आणि तो बुडबुडा थेंबाला बाहेर फेकतो. कॅननचे संशोधक इचिरो एंडो यांना ही कल्पना १९७७ मध्ये सुचली ती शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला तापलेली सोल्डरिंगची सळई चुकून लागल्यामुळे, असे सांगतात; पुढे तसल्याच सिरिंजने लोक कॅननच्या कार्ट्रिजमध्ये शाई भरू लागले, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

या दोन जातींतला फरक प्रयोगशाळेपुरता नाही. पीझो हेडला उष्णता सोसावी लागत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षे चालते आणि निरनिराळ्या प्रकारची शाई पचवते. परंतु ते यंत्रात कायमचे बसवलेले असते, आणि एकदा कायमचे चोंदले की बदलण्याचा खर्च प्रिंटरच्या किमतीच्या जवळ जातो. उष्णतेवर चालणारे हेड झिजते, आणि शाई संपलेली असताना तसेच चालवले तर जळतेही, कारण शाई हेच त्याला थंड ठेवणारे माध्यम असते. पण कॅननच्या जी मालिकेत आणि एचपीच्या स्मार्ट टँक ५०० मालिकेत काळ्याचे एक आणि रंगांचे एक अशी दोन हेड गिऱ्हाइकालाच काढता-घालता येतात. तंत्रज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणाहून येणार आणि येण्याचे पैसे वेगळे घेणार, अशा गावात ही सोय फार मोलाची आहे. शहरात सर्व्हिस सेंटर दोन स्टेशनांवर असेल तर माझे वजन पीझोकडे झुकले असते.

माझ्या दुकानात सध्या कॅननचा जी-३०२० आणि एप्सनचा एल-३२५० हे दोन्ही शेजारी-शेजारी आहेत. दोन्हींत छपाई, स्कॅन आणि झेरॉक्स होते, दोन्ही वायफायवर चालतात, दोन्हींत मागून शंभर कागद लागतात आणि साध्या काळ्या पानांचा वेग मिनिटाला नऊ-दहाच्या आसपास असतो. पाठपोट छपाई कागद हाताने उलटूनच करावी लागते. ज्यांचे काम मुख्यत्वे प्रकल्पवह्यांचे आहे त्यांनी ही सोय आपोआप देणारा, एप्सनच्या एल-६१६० सारखा वरचा नमुना पाहावा.

दोन्हींतला खरा भेद काळ्या शाईत आहे. जी-३०२० ची काळी शाई पिगमेंटची, म्हणजे बारीक रंगकण असलेली आहे. एल-३२५० च्या ००३ मालिकेतल्या चारही शाया विरघळणाऱ्या रंगाच्या, म्हणजे डायच्या आहेत. कोकणातल्या पावसाळ्यात हा फरक शिकवावा लागत नाही. डायच्या शाईत छापलेला सात-बारा उतारा शर्टाच्या खिशातून तहसील कचेरीपर्यंत भिजत गेला, की गट क्रमांकाच्या जागी निळसर डाग उरतो आणि तो शेतकरी परत आपल्याच दारात उभा राहतो. पिगमेंटची काळी अक्षरे थोडे पाणी सोसतात आणि साध्या कागदावर कडेलाही अधिक रेखीव उठतात. एप्सनमध्येच राहायचे असेल तर ००१ मालिकेची शाई घेणारी यंत्रे पाहावीत, कारण तिच्यातील काळी पिगमेंटची आहे. रंगीत चित्रांत मात्र, विशेषतः चेहऱ्यांच्या वर्णात, मला एल-३२५० चा हात अधिक मऊ वाटतो आणि पासपोर्ट फोटो मी त्याच्यावरच काढतो.

वाया जाणाऱ्या शाईचा विषय विक्रेते काढत नाहीत, म्हणून त्यावर थोडे थांबतो. प्रत्येक हेड क्लीनिंगच्या, म्हणजे चोंदलेले हेड मोकळे करण्याच्या वेळी यंत्र बरीचशी शाई हेडमधून ओढून टाकून देते. ती जाते यंत्राच्या तळाशी असलेल्या जाड, शोषून घेणाऱ्या गाद्यांमध्ये, ज्यांना सगळे वेस्ट पॅड म्हणतात. त्या किती भरल्या हे यंत्र प्रत्यक्ष मोजत नाही, आत एक मोजणी चालू असते. ती मर्यादेला पोचली की यंत्र छपाई थांबवते. एप्सनच्या अनेक यंत्रांवर तेव्हा दोन लाल दिवे आळीपाळीने लुकलुकतात. बाजारातला उपाय म्हणजे संगणकावरून एक छोटा प्रोग्रॅम चालवून ती मोजणी शून्यावर आणणे. ऐन जून महिन्यात, प्रवेशाच्या दाखल्यांची रांग लागलेली असताना, माझे एक यंत्र असे थांबले आणि आलेल्या माणसाने पाच मिनिटांत 'रिसेट' मारून पैसे घेतले. गाद्या त्याने बदलल्या नाहीत. भरलेली गादी भरलेलीच राहिली, आणि पुढच्या काही महिन्यांत काळपट द्रव यंत्राच्या बुडातून झिरपून लाकडी काउंटरच्या फटींत उतरला. रिसेट करण्यास हरकत नाही, परंतु गाद्या धुऊन वाळवून किंवा नव्या घालूनच तो करावा. जी-३०२० मध्ये हा भाग एमसी-जी०२ नावाच्या सुट्या मेंटेनन्स कार्ट्रिजमध्ये असतो. भरला की पेचकसाशिवायसुद्धा फारसा वेळ न घालवता बदलता येतो. एप्सनच्या एल-६१६० आणि एल-६१९० मध्येही अशी सुटी पेटी आहे. दिवसाला शंभराहून अधिक पाने काढणाऱ्याने केवळ या एका गोष्टीसाठी हजार-दोन हजार जास्त मोजले तरी ते वसूल होतात.

फोटो स्टुडिओ, ओळखपत्रे आणि मगावरची छपाई हे वेगळेच जग आहे आणि तिथे माझा कौल निःसंशय एप्सनच्या सहा रंगांच्या यंत्रांना आहे. एल-८०५ मध्ये सीडीवर छापण्यासाठी असलेल्या वाटेचा उपयोग करून पीव्हीसी कार्ड छापण्याचा धंदा गावोगावी उभा राहिला. नंतर आलेल्या एल-८०५० मध्ये अशा कार्डांची सोय कंपनीनेच दिली आहे. कार्ड मात्र इंकजेटसाठी लेप दिलेलेच हवे, साध्या प्लास्टिकवर शाई धरत नाही. चहाच्या मगांसाठी आणि टी-शर्टसाठी लागणारी सब्लिमेशनची, म्हणजे उष्णता देऊन वस्तूवर उतरवायची शाई उष्णतेवर चालणाऱ्या हेडमध्ये चालत नाही, त्यामुळे तिथे पीझोला पर्याय नाही. आणि एकदा ती भरली की ते यंत्र कायमचे त्याच कामाला वाहून द्यावे, कागदाच्या छपाईकडे परत आणण्याचा हट्ट धरू नये.

घरी कार्ट्रिजचाच जुना प्रिंटर पडून असेल आणि काम बेताचे असेल, तर सिरिंजने शाई भरणे अजूनही वाईट नाही. एचपी आणि कॅननच्या अशा छोट्या प्रिंटरांत हेड कार्ट्रिजवरच असते, म्हणून भरताना बिघडले तरी नुकसान त्या कार्ट्रिजपुरते राहते. तिरंगी कार्ट्रिजमध्ये तीन वेगळे स्पंजचे कप्पे असतात. कुठल्या भोकाखाली कुठला रंग आहे हे दात कोरायच्या काडीने आधी तपासावे आणि स्पंज तुडुंब भरू नये, कारण शेजारच्या रंगात शाई उतरली की पिवळा कायमचा हिरवट होतो. कॅननच्या अनेक यंत्रांत शाई संपल्याचा इशारा आल्यावर थांबण्याचे बटण पाच सेकंदांहून अधिक दाबून धरले, की शाईची मोजणी बंद होते आणि छपाई पुढे सुरू होते. एचपीच्या बऱ्याच नव्या यंत्रांत मात्र बिगर-एचपी चिपचे कार्ट्रिज अडवण्याची तरतूद असते, म्हणून बाहेरचे कार्ट्रिज घेण्यापूर्वी ही बाब तपासावी.

टाकीच्या प्रिंटरात सुटी, लिटरच्या मापाने मिळणारी शाई भरावी काय, असे विचारले जाते. दोन जातींच्या हेडना शाईचा दाटपणा वेगवेगळा लागतो. 'सर्व प्रिंटरांसाठी' असे लिहिलेली बाटली म्हणूनच मी घेत नाही. आणि मूळ शाईच जेव्हा पानामागे काही पैशांत पडते, तेव्हा त्यातून आणखी वाचवण्यासाठी हेड पणाला लावण्यात शहाणपण दिसत नाही. पानांच्या आकड्यांबद्दल एवढेच ध्यानात ठेवावे, की ते ठरावीक चाचणीपानांवर मोजलेले असतात, आणि पहिल्या बाटल्यांतली बरीच शाई नळ्या भरण्यातच जाते, म्हणून पहिल्या भरणीला आकडा कमी आला तर यंत्र सदोष समजू नये.

आमच्याकडे वीज जाते, आणि छपाईच्या मध्येच गेली तर हेड आपल्या झाकणावर परत जात नाही. तसेच उघडे राहिलेले हेड उन्हाळ्यात चटकन सुकते. छोटा यूपीएस आणि भिंतीवरचे बटण न दाबता यंत्राच्याच बटणाने ते बंद करण्याची सवय, या दोन गोष्टींनी माझ्या हेड क्लीनिंगच्या फेऱ्या स्पष्टपणे कमी झाल्या. नोझलच्या, म्हणजे हेडमधल्या शाई सुटण्याच्या बारीक भोकांच्या तपासणीत छापलेल्या रेषा तुटक आल्या तर लागोपाठ तीनदा क्लीनिंग करून पाहावे. तरीही सुधारणा नसेल तर यंत्र बारा तास स्वस्थ ठेवावे. दहादा क्लीनिंग केल्याने रेषा जुळत नाहीत, फक्त गाद्या भरतात.

महिन्याकाठी पाच-दहाच पाने काढणारे, म्हणजे निवृत्त शिक्षक किंवा वर्षातून दोनदा विवरणपत्र भरणारे लोक टाकीचा प्रिंटर घेऊ पाहतात तेव्हा मी त्यांना थांबवतो. इंकजेट न वापरल्याने बिघडतो. टाकीत हजारो पानांची शाई असूनही हेड सुकलेले असते. अशांनी साधा काळा लेझर प्रिंटर घ्यावा, ज्याची टोनरची पूड वर्षभर पडून राहिली तरी सुकत नाही, किंवा पाने छापायला माझ्या दुकानी यावे. या दुसऱ्या सल्ल्यात माझा स्वार्थ आहे, हे मी त्यांना आधीच सांगून टाकतो.