थंडरबर्ड: पत्रं जागेवर होती, अनुक्रमणिका बिघडली होती

इंदूरच्या रामबागेत बसून मी वकिलांसाठी जुन्या मराठी दस्तांची हिंदी भाषांतरं करते. होळकरांच्या वेळची खरेदीखतं, वाटणीपत्रं, असलं काहीबाही. २००९ पासूनचा सगळा पत्रव्यवहार थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये आहे, तोही पॉप पद्धतीने. म्हणजे पत्र माझ्या डेस्कटॉपवर उतरलं की १४ दिवसांनी सर्व्हरवरून जातं. मग ते जगात एकाच ठिकाणी असतं, माझ्या देवघराशेजारच्या टेबलावर.

गेल्या पावसाळ्यात इनबॉक्स ‘कॉम्पॅक्ट’ करायला, म्हणजे डिलीट केलेल्या पत्रांची अडलेली जागा मोकळी करायला लावला आणि लाइट गेली. यूपीएसची बॅटरी दोन वर्षं मेलेली, हा दोष सर्वस्वी माझा. सकाळी उघडते तर विषय वकीलसाहेबांच्या वाटणीपत्राचा, आणि आत मजकूर दिवाळीच्या चकल्यांच्या ऑर्डरचा! काही पत्रं कोरीच. डाव्या बाजूला ‘एनएसटीएमपी’ नावाचा एक अनोळखी फोल्डर येऊन बसलेला.

एका दुकानात फोन केला. ‘मॅडम, डेटा तो गया समझो, फिर भी छह हज़ार में कोशिश कर लेंगे.’ गेलंच आहे तर सहा हजार कशाचे, हे विचारायचं राहून गेलं.

पुण्याच्या भाच्याने फोनवर पहिली गोष्ट सांगितली ती अशी: ‘मावशी, थंडरबर्ड बंद कर, अख्ख्या प्रोफाइल फोल्डरची कॉपी पेनड्राइव्हवर घे, तोवर कशालाही हात लावू नकोस.’ थंडरबर्ड सगळी पत्रं ठेवतो तो हा फोल्डर ‘हेल्प’मधल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मधून उघडतो. मी तो पहिल्यांदाच पाहत होते. ‘इनबॉक्स’ नावाची एक अवाढव्य फाइल, नावापुढे एक्स्टेन्शनची (डॉटनंतरची) शेपटी काहीच नाही, आणि तिच्याशेजारी चिमुकली ‘इनबॉक्स डॉट एमएसएफ’. मोठी फाइल म्हणजे दप्तर, धाकटी म्हणजे त्याची अनुक्रमणिका. पान क्रमांक चुकले की वाटणीपत्राच्या जागी चकल्या निघणारच.

दुरुस्ती अगदी साधी आहे. फोल्डरवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘रिपेअर फोल्डर’. अनुक्रमणिका पुन्हा तयार होते. माझ्या जुन्या हार्ड डिस्कवर एवढ्या वेळात कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन वरण फोडणीला पडलं. इनबॉक्स सुधारला. २०१४ च्या कामांचा फोल्डर मात्र ऐकेना. तेव्हा थंडरबर्ड बंद करून त्याची फक्त डॉट एमएसएफ फाइल उडवली. पुन्हा उघडल्यावर ती नव्याने तयार झाली. इथे हात थरथरतोच, कारण बिनशेपटीची मोठी फाइल चुकून उडवली की खरंच सगळं गेलं. कॉम्पॅक्ट करताना आधी नवी प्रत लिहून मग जुनीच्या जागी ठेवली जाते, म्हणून लाइट गेली तरी माझी मूळ फाइल शाबूत होती. तो ‘एनएसटीएमपी’ म्हणजे त्या अर्धवट प्रतीचं उष्टं. सगळं तपासून झाल्यावर काढून टाकला. डिस्कवर मोकळी जागा का लागते, हेही तेव्हाच कळलं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. ही मोठी फाइल साधा मजकूर आहे, टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. प्रत्येक पत्र ‘फ्रॉम’ने सुरू होणाऱ्या ओळीपासून चालू होतं. इंग्रजी पत्रं तिथल्या तिथे वाचता येतात. मराठी पत्रांत मात्र अक्षरांच्या जागी ‘ई-शून्य-ए-चार’ अशा संकेतांची माळ दिसते, मोडी बरी म्हणायची वेळ येते! पण अक्षरं हरवलेली नसतात. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या आउटलुकची, म्हणजे २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांची, पत्रं साठवणारी पीएसटी फाइल २ जीबीपुरतीच असे, आणि ती अशी उघडून वाचण्याजोगी नसते. तिच्यासाठी ‘स्कॅनपीएसटी’ नावाचं वेगळं साधन ऑफिसच्या फोल्डरात शोधावं लागतं.

तक्रारी दोन. रिपेअर केल्यावर पत्रांच्या यादीतल्या रकान्यांची मांडणी मूळपदावर जाते, मला परत लावत बसावं लागलं. आणि पूर्वी डिलीट केलेली, पण कॉम्पॅक्टमध्ये न गेलेली काही पत्रं पुन्हा उगवली. त्यांत आमच्या एका वहिनींचे २०१६ चे ‘शुभ प्रभात’ सगळेच्या सगळे. पत्रांना लावलेल्या खुणा, म्हणजे टॅग, मात्र टिकले, कारण ते पत्रातच लिहिलेले असतात.

आयमॅप, म्हणजे पत्रं सर्व्हरवरच राहतात ती पद्धत, वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तिथे रिपेअर म्हणजे सर्व्हरवरून पुन्हा उतरवणं. नेट हळू असेल तर रात्री लावा. प्रोफाइल फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा. एका पत्रातल्या व्हायरससाठी तो अख्खी इनबॉक्स फाइल उचलून कोंडून ठेवू शकतो.

पाचपैकी साडेचार. अर्धा रकान्यांसाठी कापला. बॅटरी सियागंजातून आणली, आणि आता दर शनिवारी पेनड्राइव्हवर कॉपी.