पहिला वस्तरा भेट द्यायचाय, बजेट ३,००० रुपये: कोणता घ्यावा?

लहान भावाला किंवा नवऱ्याला वस्तऱ्याने दाढी करायला शिकायचंय, तुम्हाला तो भेट द्यायचाय आणि हातात साधारण ३,००० रुपये आहेत, असं धरू. शोधायला बसलात की तीन प्रकार समोर येतात: सलूनमध्ये असतो तसा ब्लेड बदलायचा वस्तरा, नवाकोरा अखंड पात्याचा वस्तरा, आणि कुणीतरी वापरलेला जुना परदेशी वस्तरा. फोटोत तिन्ही सारखेच दिसतात, पण घरी आल्यावर प्रत्येकाचा खर्च आणि निगा वेगळी.

आधी अखंड पात्याचा, कारण भेट म्हणून बहुतेकांच्या मनात तोच असतो. त्याचं पातं आयुष्यभर टिकतं, पण दर दाढीआधी ते चामड्याच्या पट्ट्यावर तीस-चाळीस वेळा फिरवावं लागतं आणि काही महिन्यांनी दगडावर पाजळावं लागतं. दगडही एकच पुरत नाही. धारेचा पाया १,००० ग्रिटच्या दगडावर बसतो (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक), पुढे ४,००० किंवा ५,०००, मग ८,००० आणि शेवटी १२,००० च्या आसपास. म्हणजे वस्तऱ्याची जी किंमत दिसते त्यात पट्टा नाही, दगड नाहीत आणि पाजळणाऱ्याची मजुरीही नाही.

स्वस्त वस्तरे नेमके इथेच दगा देतात. गोल्ड डॉलरसारख्या चिनी वस्तऱ्यांचं पोलाद वाईट नसतं, पण कारखान्यातून येताना त्यांना बहुधा दाढीजोगी धार नसते. अशा वस्तऱ्याने कागद कापला जातो आणि गालावरचे केस मात्र ओढले जातात. शिकणाऱ्याला वाटतं, आपलाच हात बसत नाहीये. तो जोर लावतो, कापून घेतो आणि वस्तरा कपाटात जातो. दमास्कस म्हणतात तशा लाटांच्या नक्षीचं पातं, लाकडी पेटी, सोबत पातळसा पट्टा, असे देखणे संच तर मी कुणालाच घ्यायला सांगणार नाही. त्यातले बरेचसे फक्त वस्तऱ्याच्या आकाराचे असतात.

मग आपल्या ठाणे शहरातच पाजळून घेऊ, असं कुणी म्हणेल. एके काळी प्रत्येक न्हाव्याच्या धोपटीत पट्टा आणि दगड असायचेच. आता स्वच्छतेसाठी दर गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड लावतात, ते योग्यच आहे, पण त्यामुळे दगडावर हात बसलेला कारागीर शोधावा लागतो. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो: सुऱ्या-कात्र्यांना चाकावर धार लावणाऱ्याकडे हा वस्तरा कधीही देऊ नका. चाकावर बारीक धार तापते, पोलादाचं पाणी उतरतं आणि वस्तरा कायमचा जातो. वस्तरा पाजळताना त्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली असतात, धारेचा कोन त्या पाठीच्या जाडीनेच ठरतो. चाकावर ते साधतच नाही.

पावसाळ्याचंही बघा. कार्बन पोलादाच्या पात्यावर खाडीकाठच्या दमट हवेत पाण्याचा एक थेंब राहिला तरी गंज धरतो. दाढी झाली की पातं कोरडं करायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा आणि वस्तरा बाथरूमबाहेर ठेवायचा.

जर्मनीतल्या सोलिंगेन शहरात बनणारे डोवो किंवा बोकर यांचे वस्तरे उत्तम असतात, पण नवे दहा हजारांच्या पुढे जातात. तेच जुने, मुंबईच्या चोर बाजारात नशिबाने स्वस्तात मिळू शकतात. फक्त धारेजवळ गंजाचे खड्डे, पात्याला चीर किंवा घासून सपाट झालेली पाठ दिसली तर सोडून द्या. पारख असलेला माणूस सोबत नसेल तर या वाटेला जाऊच नका.

राहिला ब्लेड बदलायचा वस्तरा. सलूनचं सामान विकणाऱ्या दुकानात तो शंभर-दोनशेपासून मिळतो. दाढीचं साधं दुधारी ब्लेड कागदातच मधोमध मोडायचं आणि अर्धं बसवायचं. पट्टा नको, दगड नको, धार रोज नवी. पण हा सोपा आहे असं मात्र समजू नका. वजनाला हलका, ब्लेड ताठ आणि कोपरे टोकदार, त्यामुळे कोन जरा चुकला तरी लगेच कापतो. चांगली धार लावलेला अखंड वस्तरा त्याहून मऊ चालतो. म्हणून प्लास्टिकचा घेऊ नका. पूर्ण स्टीलचा, हातात वजन जाणवेल असा, ब्लेडचे कोपरे झाकणारा आणि धार कमीत कमी बाहेर ठेवणारा बघा. ब्लेडही सुरुवातीला फेदर या जपानी कंपनीच्या ब्लेडांसारखी अतितीक्ष्ण देऊ नका.

३,००० मध्ये मी हाच देईन. पाच-सातशेचा वस्तरा, दोनशेची ब्लेडं, हजारात बरा ब्रश आणि साबण, शिवाय तुरटीचा खडा. उरलेले हजारभर रुपये ओळखीच्या सलूनवाल्या दादांना द्या आणि म्हणा, याला दोन-तीनदा समोर बसवून शिकवा. कातडी कशी ताणायची, तीसेक अंशांचा कोन कसा धरायचा, हनुवटीखाली केसांची दिशा कुठे फिरते, हे हातात हात घेऊन दाखवलं तरच लवकर कळतं. या संचातली सगळ्यात मोलाची वस्तू मला हीच वाटते.

भावंडं मिळून सात-आठ हजार जमत असतील तर मात्र माझं मत बदलतं. मग अखंड पात्याचाच घ्या: ५/८ किंवा ६/८ इंच रुंदीचा, गोल टोकाचा, सोबत ठीकठाक पट्टा. विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: धार कारखान्याची आहे, की तुम्ही स्वतः दगडावर लावून देता? आणि पुन्हा पाजळायला पाठवला तर किती घ्याल? सरळ उत्तर आलं तरच पैसे भरा.

ज्याला देणार तो रोज सकाळी लोकल गाठणारा असेल, तर सोबत एवढं सांगून ठेवा की पहिले काही आठवडे फक्त रविवारी, अर्धा तास हाताशी ठेवून, आणि तेही दोन्ही गालांपुरतं. हनुवटी आणि ओठांवरचा भाग तोवर नेहमीच्या रेझरने करायचा.