खानावळीतला ब्लोअर: आठ महिन्यांनंतर

आमच्याकडे आधी भिंतीतला साधा एक्झॉस्ट पंखा होता. ठेच्याच्या मिरच्या तव्यावर पडल्या की आचाऱ्याआधी गिऱ्हाइकं ठसकायची. मग शेगड्यांवर धूर गोळा करणारं हूड, तिथून गच्चीपर्यंत डक्ट, म्हणजे धुराची नळी, आणि वर तोच पंखा लावून पाहिला. हूडखाली धरलेला कागदही वर ओढला जाईना. असला पंखा मोकळ्यावर भरपूर हवा ढकलतो, पण वळणं आणि जाळ्या आडव्या आल्या की दम सोडतो. शेवटी दोन एचपीचा, थ्री फेज, पट्ट्यावरचा सेंट्रिफ्युगल ब्लोअर घेतला.

ओली छत्री गरकन फिरवली की पाणी कडेने उडतं, तसंच आत हवेचं होतं. इम्पेलर, म्हणजे आतलं पात्यांचं चाक, तिला बाहेर भिरकावतो, मध्ये दाब घटतो आणि तिथे स्वयंपाकघरातला धूर खेचला जातो. गोगलगायीसारखं केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, पुढे रुंदावत जातं, तिथे हवेचा वेग घटून दाब वाढतो, म्हणून ती डक्टच्या अडथळ्यापुढे हार मानत नाही.

धूर पहिल्याच दिवशी हटला. आवाज आहे, पण गच्चीवर असल्याने खपतो.

पाचव्या महिन्यात ओढ मंदावली. जाळ्या सोड्याच्या गरम पाण्यात धुतल्या, पट्टा ताणला, काही फरक नाही. आठवड्याने आचारी म्हणाला, "मालक, मीटरच्या वायरी बदलल्या तेव्हापासूनच हे." बघतो तर मोटर उलटी! साधा पंखा उलटा फिरला तर धूर तोंडावर येतो, लगेच कळतं. हा लबाड उलटा फिरूनही हवा त्याच तोंडातून फेकतो, फक्त बरीच कमी. बाकी सगळं सिंगल फेजवर, त्यामुळे दुसरीकडेही पत्ता लागला नाही. वायरमनने तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली, दहा मिनिटांत काम झालं. आता केसिंगवर लाल बाण रंगवलाय.

सातव्या महिन्यात थरथर सुरू झाली. पात्यांवर तेलाचा चिकट थर साचला होता, त्यातला एका बाजूचा खपला निघून तोल गेलेला. केसिंग उघडायलाच दोन तास गेले. घेताना सफाईचं झाकण मागून घ्या, मी विसरलो.

परवा पट्टा बदलायला आलेला कारागीर म्हणाला, "ब्लोअरची पुली लहान करू, अजून ओढेल." वेग 10 टक्के वाढला तर हवाही तेवढीच वाढते, पण मोटरवरचा भार जवळजवळ 33 टक्क्यांनी. त्याला चहा पाजला आणि जुन्याच मापाचा पट्टा चढवून घेतला.