शाळेच्या ग्रंथालयात कोहा : एका शैक्षणिक वर्षानंतर

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कोहा हे ग्रंथालयाचं काम सांभाळणारं सॉफ्टवेअर सुरू केलं, आता उन्हाळी सुट्टी लागली आहे. मधल्या काळातली देवघेव, नवी खरेदी, साठा पडताळणी आणि दहावीच्या मुलांचे नो ड्यूज (पुस्तक बाकी नसल्याचे दाखले) सगळं त्यावरूनच झालं, म्हणून आता मत द्यायला हरकत नाही. शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावी. ग्रंथपाल मी एकटीच.

आधी मत सांगते. सॉफ्टवेअर भक्कम आहे, फुकट आहे, पण मराठी पुस्तक शोधात येईल की नाही हे शेवटी नोंद कशी भरली यावर ठरतं. जो वेळ घालायचा तो तिथे घाला.

याआधी एका खाजगी कंपनीचं सॉफ्टवेअर होतं. दर वर्षी देखभालीचे पैसे भरायचे, आणि आमचीच यादी मागितली की छापील अहवाल हातात. कोहाकडे वळण्याचं खरं कारण हेच. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी ते तयार झालं आणि जानेवारी २००० मध्ये तिथे सुरू झालं. तेव्हापासून मुक्त स्रोत आहे, म्हणजे कुणीही घेऊन वापरावं, बदलावं. नोंदी मार्क २१ या जगभर चालणाऱ्या साच्यात राहतात, त्यामुळे उद्या दुसरीकडे जायचं झालं तर सगळं उचलून नेता येतं. अशी दुसरी सॉफ्टवेअरही आहेत : इन्फ्लिबनेट या केंद्राचं सोल मुख्यतः महाविद्यालयं-विद्यापीठांसाठीचं आहे, एनआयसी या सरकारी संस्थेचं ई-ग्रंथालयही पाहिलं होतं. पण आमच्या एका माजी विद्यार्थ्याला लिनक्स येतं आणि तो कोहा बसवून द्यायला तयार होता. असा कुणी ओळखीत नसेल तर स्वतः बसवण्याच्या फंदात पडू नका, पैसे देऊन कुणाकडून तरी करून घ्या. यंत्र साधंच आहे : आठ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप, उबुंटू आणि यूपीएस. यूपीएस हवाच.

खरा घाम जुन्या यादीने काढला. ती एक्सेलमध्ये होती, पण श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये. आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये बदलली की रफार आणि जोडाक्षरं कुठे कुठे फुटतात, ते डोळ्यांनीच तपासावं लागतं. त्याहून छळणारी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. ‘ताऱ्यांचे’ हा शब्द संगणकावर दोन तऱ्हांनी टंकता येतो : साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून, किंवा खाली टिंब असलेला ऱ वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द. मुलगा फोनवरून एका पद्धतीने टंकतो, आपली नोंद दुसऱ्या पद्धतीची, आणि कपाटात पुस्तक असताना उत्तर येतं ‘काही सापडलं नाही’. ‘ॲ’चंही तेच. यादी कोहात भरण्याआधीच एक्सेलमध्ये शोधा-बदला करून एकच रूप ठेवा. नंतर नोंद उघडून उघडून दुरुस्त करणं जिवावर येतं.

दुसरी अट शोधसूचीची, म्हणजे शोधासाठी कोहा आतल्या आत बांधून ठेवतं त्या शब्दांच्या यादीची. कोहाचं झेब्रा नावाचं शोधयंत्र मूळ मांडणीत रोमन लिपी धरून चालतं. देवनागरीसाठी त्याला आयसीयू या, सगळ्या लिपी समजणाऱ्या पद्धतीवर न्यावं लागतं आणि सगळी सूची नव्याने बांधावी लागते. बसवणाऱ्याला हे पहिल्या दिवशी सांगा, कारण त्याला मराठी शोधून बघायचं सुचतच नाही.

एवढं करूनही मराठीचं व्याकरण आडवं येतंच. पाचवीतली मुलगी ‘किल्ला’ टंकते. पुस्तकाच्या नावात ‘किल्ल्यांच्या’ असतं. शब्दाच्या सुरुवातीवरून शोधायची सोय आहे, ‘किल्ल’ एवढंच टंकलं तर सगळी रूपं येतात, पण मुलं असं अर्धं टंकत नाहीत. म्हणून प्रत्येक नोंदीत विषयाच्या रकान्यात साधे, मूळ रूपातले शब्द घालते : किल्ला, किल्ले, दुर्ग, गड. पुस्तकी शिस्तीत हे बसत नाही. माझ्याकडे मात्र त्यानेच मुलांना पुस्तकं मिळतात. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची पुस्तकंही आमच्याकडे आहेत, त्यांच्या नावांवर जुने अनुस्वार आहेत. नाव छापलंय तसंच ठेवायचं आणि आजचं रूप मार्क २१ मधल्या २४६ क्रमांकाच्या रकान्यात ‘दुसरं नाव’ म्हणून द्यायचं.

लेखकांसाठी कोहातली अधिकृत नावांची सोय मला फार आवडली. मुलांना पाठ्यपुस्तकातले कुसुमाग्रज माहीत असतात, नाटकावर नाव असतं वि. वा. शिरवाडकर. गोविंदाग्रज आणि राम गणेश गडकरी, बालकवी आणि त्र्यंबक बापूजी ठोंबरे, तीच कथा. एक नाव मुख्य धरायचं, बाकीची ‘पाहा’ म्हणून जोडायची. पण साध्या शोधात ती जोडनावं आपोआप धरली जात नाहीत. कोहाच्या सेटिंगमधली ‘इन्क्लूड सी फ्रॉम इन सर्चेस’ ही पसंती चालू करून सूची पुन्हा बांधावी लागते. ते केल्यावर ‘शिरवाडकर’ टंकलं की कविताही येतात.

आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख-क्रमांक) टाकून बाहेरच्या ग्रंथालयांच्या तयार नोंदी ओढता येतात, याचं कौतुक सगळे करतात. इंग्रजी पुस्तकांना ते खरंच झकास चालतं. मराठी पुस्तकांच्या नोंदी तिथे सापडल्याच तर बऱ्याचदा रोमन लिपीत असतात, आणि जुन्या पुस्तकांना मुळात आयएसबीएनच नाही. तेव्हा हाताने भरण्याची तयारी ठेवा.

ड्यूई वर्गांक, म्हणजे विषयानुसार पुस्तकाला दिलेले अंक, मी ठेवलेत, तपासणीला विचारतात. पण शाळेच्या ग्रंथालयात निम्मी कपाटं ८९१.४६३ नेच भरतात, कारण मराठी कथा-कादंबऱ्यांचा अंकच तो. मुलांना त्यातून काही कळत नाही. म्हणून कोहातल्या संग्रह-संकेताचा वापर करून विज्ञानकथा, शौर्यकथा, लोककथा असे गट पाडले आणि पुस्तकाच्या पाठीवर रंगीत पट्ट्या लावल्या.

बारकोड म्हणून दाखल क्रमांकच (पुस्तक आलं की नोंदवहीत मिळतो तो) वापरला, म्हणजे दाखल नोंदवही आणि कोहा समोरासमोर ठेवता येतात. मुलांच्या कार्डावर जनरल रजिस्टरचा क्रमांक. हजेरी क्रमांक दर जूनला बदलतो, हा दाखला निघेपर्यंत टिकतो. एक गंमत : स्कॅनर म्हणजे संगणकाच्या दृष्टीने कळफलकच. नोंद टंकताना मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक चालू राहिला की स्कॅनर भलतंच उमटवतो आणि कोहा म्हणतं पुस्तकच नाही. रांगेत आठवी ब उभी असताना हे झालं की मजा येते.

साठा पडताळणीसाठी मात्र कोहाला पैकीच्या पैकी गुण. पूर्वी एप्रिलमध्ये देवघेव बंद ठेवून नोंदवहीत खुणा करत बसायचं. आता एकेका कपाटातले बारकोड स्कॅन करून फाइल चढवायची, न सापडलेल्यांची यादी लगेच मिळते. निर्लेखनाचा (पुस्तकं नोंदीतून कमी करण्याचा) प्रस्ताव त्याच यादीवरून तयार केला, आणि मुख्याध्यापकांनी प्रथमच एकही प्रश्न न विचारता सही केली.

त्रासाच्या गोष्टीही आहेत. पडदे मोठ्या ग्रंथालयांना डोळ्यांपुढे ठेवून केलेले, शाळेला न लागणारे रकाने ढीगभर. नवी आवृत्ती मे आणि नोव्हेंबरमध्ये येते. आली म्हणून लगेच चढवू नका, सुट्टीत आणि बॅकअप घेऊनच चढवा. बॅकअप रोज आपोआप होतो, पण त्याच डेस्कटॉपवर. मी दर शनिवारी तो पेन ड्राइव्हवर घेऊन शाळेच्या कार्यालयातल्या कपाटात ठेवते.

चार-पाचशे पुस्तकांच्या शाळेने या भानगडीत पडू नये, तिथे नीट भरलेली एक्सेल यादी पुरते. हजारांत पुस्तकं असतील आणि ग्रंथपाल पूर्णवेळ असेल तर जरूर घ्या, फक्त मुलांना शोधाचा पडदा लगेच उघडून देऊ नका. निदान एका कपाटाच्या नोंदी पुऱ्या होऊ देत.