ग्रॅनाइटची लादी आणि स्कूटरची ट्यूब: सात महिन्यांच्या वापरानंतर

फोंड्याच्या आमच्या कॉलेजात तुरटी आणि मोरचुदाचे मोठे स्फटिक वाढवायचे म्हणून ऑक्टोबरात हादरे अडवणारा हा चबुतरा करून घेतला. अर्धवट भरलेली स्कूटरची ट्यूब, तिच्यावर साधारण 30 किलोची ग्रॅनाइटची लादी आणि लादीवर बीकर. आता मे लागलाय. पुन्हा करायचा झाला तरी हाच करेन, पण जागा आधी बदलेन.

सुचलं ते चवथीमुळे. तोवर प्रत्येक बीकरच्या तळाशी साखर सांडल्यासारखे बारीक खडे जमायचे आणि दोऱ्याला टांगलेलं बीज, म्हणजे ज्याच्यावर मोठा स्फटिक वाढवायचा तो छोटा खडा, खुजंच राहायचं. चवथीच्या सुट्टीत मेन स्विच बंद, म्हणजे कोपऱ्यातला जुना फ्रीजही बंद. परत आले तर तुरटीचा वाटाण्याएवढा अष्टफलक, आरपार स्वच्छ, आणि तळ कोरा. लॅबमधले आमचे भाऊ म्हणाले, "मॅडम, वर्दळ नव्हती ना, म्हणून."

भाऊंचं बरोबर होतं. अतिसंपृक्त द्रावण, म्हणजे मावतं त्याहून जास्त माल विरघळलेलं, तसं बराच काळ शांत राहू शकतं. रसायनशास्त्रज्ञ ऑस्टवाल्डने 1897 मध्ये या अवस्थेला 'मेटास्टेबल' म्हटलं. पण धक्का बसला की बीज काचेला घासतं, त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात आणि प्रत्येक कण नवं बीज होतो. मग एका स्फटिकाचा माल शंभरांत वाटला जातो.

ट्यूबमध्ये हवा किती, यावर सगळं अवलंबून. टम्म भरली तर लादी जमिनीसारखीच कडक. माझं माप असं: लादी दाबून सोडली की सेकंदाला चार-पाच हेलकावे यायला हवेत. याच्या साधारण दीडपटीपुढचीच कंपनं अडतात. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे फ्रीजचा कॉम्प्रेसर सेकंदाला सुमारे 48 फेरे घेतो. तो इथे पार अडतो. वाटीभर पाण्यावर लेझर टाकून पाहा: टेबलावर भिंतीवरचा ठिपका थरथरतो, लादीवर ठेवली की खिळल्यासारखा थांबतो.

पावलांचं मात्र उलट. चालताना सेकंदाला दोनेक पावलं पडतात, तो ठेका ट्यूब अडवत नाही, आणि व्हरांड्यातून मुलं धावली तर लादी चक्क जास्त डुलते. चबुतरा खोलीच्या मधून उचलून भिंतीलगत, जमिनीखालच्या तुळईवर नेला तेव्हा कुठे फरक पडला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. रात्री एसी बंद झाल्यावर होणाऱ्या तापमानाच्या चढउतारावरही याचा काही इलाज नाही, त्याला थर्मोकोलची पेटी लागतेच.

एक गैरसमज मुलांमध्ये फार दिसतो, की हालचाल म्हणजे वाईट. अमेरिकेत लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत केडीपीचा (पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचा) 318 किलोचा स्फटिक 52 दिवसांत वाढवला, तोही द्रावणात सतत फिरवत ठेवून. तिथे फिरणं ठरलेल्या लयीत असतं, त्यामुळे प्रत्येक फलकाला ताजं द्रावण सारखं मिळतं. ट्रक चढावावर गिअर बदलतो तेव्हा बसणाऱ्या हादऱ्याला अशी काही लय नसते.

ट्यूब तीनेक आठवड्यांनी बसते, हा मोठा त्रास. सध्या लादीवर मोरचुदाचा एक स्फटिक आहे, अकरा आठवड्यांचा, गर्द निळा. उजेडात धरला की आत एक धुरकट पट्टा दिसतो. वहीत तारीख पाहिली. त्या दिवशी बीकर लादीवरून न उतरवताच मी ट्यूबला पंप मारला होता.