सोलापूर ते बेंगळुरू, भित्र्या मांजरीसह: गाडी, रेल्वे की विमान?

बदलीची ऑर्डर आली तेव्हा सामानाची चिंता कुणालाच नव्हती. वाद झाला तो आमच्या मांजरीवरून, चिंगीवरून. दाराची बेल वाजली की ही बाई कपाटामागे. तिला सहाशे किलोमीटर न्यायची कशी? तिन्ही पर्यायांची चौकशी केली आणि शेवटी गाडीने गेलो. तुम्ही त्याच पेचात असाल तर आधी एवढंच मोजा: घरातून निघाल्यापासून पोचेपर्यंत कॅरियर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, किती वेळा उचलावा लागेल आणि किती परक्या माणसांमधून न्यावा लागेल. तासांचा हिशेब नंतर.

विमान वेळेत जिंकतं, पण या मोजणीत सपशेल हरतं. इंडिगो पाळीव प्राणी घेतच नाही. एअर इंडिया आणि अकासा लहान प्राणी केबिनमध्ये नेऊ देतात. त्यासाठी आधी नोंदणी लागते आणि कॅरियरसकट वजनाची मर्यादा असते. पुण्याहून विमान धरायचं तर अडीचशे किलोमीटरची गाडी आधी आलीच. सोलापूरच्याच होटगी रोड विमानतळावरून उडायला मिळालं तरी सुरक्षा तपासणी कुठे टळते? तिथे कॅरियर एक्स-रे मशीनमधून जातो आणि मांजर बाहेर काढून हातात धरावी लागते. चिंगीला भर गर्दीत हातात धरायचं धाडस माझ्यात नाही. शांत, अंगावर लोळणारी मांजर असेल तर विचार करा.

रेल्वेचा मोह मला होता, खोटं कशाला बोलू. फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कूपे अख्खा तुमच्या नावावर असेल तर दार लावून मांजर मोकळी सोडता येते, लिटर ट्रे (तिच्या शी-शूचा ट्रे) बर्थखाली सरकवता येतो. रात्रभर झोपून जायचं. पण कूपेच मिळेल की चार बर्थच्या केबिनमध्ये अनोळखी लोकांसोबत जागा मिळेल, हे चार्ट लागल्यावरच कळतं. तोवर घर रिकामं झालेलं असतं. थ्री एसी, चेअर कार, वंदे भारत यांत परवानगी नाही. गार्डच्या डब्यातली कुत्र्यांची पेटी मांजरीसाठी मनातही आणू नका. शिवाय रिक्षा, प्लॅटफॉर्मवरची घोषणा, चढण्याची घाई, उतरल्यावर टॅक्सी: उचलाउचल पुष्कळ.

गाडीत उचलाउचल दोनदाच, निघताना आणि पोचल्यावर. भाड्याची गाडी महाग पडते, कारण ड्रायव्हर रिकामी परत येण्याचेही पैसे लावतो. आम्ही पहाटे साडेतीनला निघालो. सोलापूरचा उन्हाळा बेचाळीसच्या पुढे जातो, त्यामुळे दुपारी गाडीत बसवण्याचा प्रश्नच नव्हता. सोलापुरातल्याच सैफुलपर्यंत चिंगीने असा गळा काढला की ड्रायव्हर मागे वळून वळून बघत होता. पुढच्या सोरेगावच्या आधीच कॅरियरमधला टॉवेल ओला झाला. भीमेचा पूल ओलांडला तेव्हा आवाज थांबला, आणि मी घाबरून कॅरियरवर झाकलेला टॉवेल उचलून पाहिलं. कोपऱ्यात अंगाची जुडी करून बसली होती, तोंड मिटलेलं, श्वास नीट. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर गाडी बाजूला घ्या, एसी वाढवा आणि डॉक्टरला फोन लावा. होसपेटच्या पुढे एका धाब्यावर ड्रायव्हरने सवयीने मागचं दार सताड उघडलं. कॅरियरचं दार बंद होतं म्हणून वाचलो. गाडीत कितीही रडली तरी ते उघडायचं नाही, हे सगळ्यांना आधीच बजावून ठेवा.

कॅरियरमध्येही निवड आहे. कापडी बॅग हलकी आणि स्वस्त, पण घाबरलेली मांजर नखांनी चेन सरकवते. वरचा भाग निघणारा कडक प्लॅस्टिकचा घ्या; डॉक्टरकडेही तिला ओढून काढावं लागत नाही. महिनाभर आधी घरात उघडा ठेवून त्यातच खायला द्या. वरून झाकायला सोलापुरी टॉवेल, चादर नको. आपल्या चादरी थंडीत सोन्यासारख्या, पण कॅरियरवर टाकल्या की आत भट्टी. कॅरियर पट्ट्याने सीटला बांधा. निघण्याआधी चार-पाच तास खायला देऊ नका, नाहीतर ओकारी.

औषध द्यावं की नाही? फारच भित्री असेल तर द्यावं, पण डॉक्टरांनी वजन बघून दिलेलंच. बरेच डॉक्टर गॅबापेंटिन देतात. आधी एकदा घरी देऊन पाहा, कारण काही मांजरी त्याने लटपटतात. माणसांची झोपेची गोळी नको. पॅरासिटामॉल तर मांजरीचा जीव घेतं.

नव्या घरी पोचल्यावर एकच खोली, जुनंच लिटर, जुनंच अंथरूण. चिंगी पहिला दिवस बाथरूमच्या बादलीमागे होती. रात्री दोनला तिच्या खाण्याचे दाणे फोडल्याचा आवाज आला. पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर गाठा. बाहेरचं दार मात्र निदान तीन आठवडे तिच्यासाठी बंद.