स्पर्शवर्तुळं: पायथागोरस की त्रिकोणमिती?
नौपाड्यातली माझी भाची दहावीला आहे. बाहेरून स्पर्श करणारी वर्तुळं आली की पायथागोरस लावू की त्रिकोणमितीतला साइन, यात ती अडकते.

त्रिज्या ९ आणि ४ सेंमी घ्या. केंद्रांतलं अंतर १३, त्रिज्यांतला फरक ५. लहान वर्तुळाच्या केंद्रातून बाह्य स्पर्शिकेला (दोन्ही वर्तुळांना एकाच बाजूने स्पर्श करणाऱ्या रेषेला) समांतर रेघ ओढा. काटकोन त्रिकोण मिळतो: कर्ण १३, एक बाजू ५, म्हणून स्पर्शिका १२ सेंमी. इथे साइन म्हणजे उगाच वळसा.

पण दोन्ही बाह्य स्पर्शिकांमधला कोन ६० अंश दिला तर? त्याच काटकोन त्रिकोणात अर्ध्या कोनाचा साइन म्हणजे त्रिज्यांचा फरक भागिले बेरीज. साइन ३० म्हणजे १/२, म्हणून मोठी त्रिज्या लहानीच्या तिप्पट. कोन ४० अंश असेल तर पायथागोरस हात टेकतो. कोन अर्धा करायचा मात्र हमखास राहतो. भाचीच्या वहीत तीच चूक दोनदा दिसली.

लांब्या दिल्यात, तर पायथागोरस. कोन दिलाय किंवा विचारलाय, तर त्रिकोणमिती.